सागवानी माडीची निगा

दसऱ्याचे सोने वाटून झाले की यवतमाळ जिल्ह्यातील घराघरांत दिवाळीची झाडलोट सुरू होते. डबे, गाद्या, पाट, पेट्या, देवघरातील उपकरणी सारे अंगणात उन्हाला निघते, भिंतींना चुना लागतो आणि खालची जमीन बादल्या ओतून धुतली जाते. धुण्याची ही हौस फरशीच्या आणि सिमेंटच्या घरात निर्दोष आहे. परंतु ज्या घराला अद्यापि लाकडी माडी शिल्लक आहे, त्या घरात ती जिन्याच्या पहिल्या पायरीशीच थांबली पाहिजे. माडीच्या फळ्यांचे अधिकांश नुकसान मळाने झालेले नसून मळ काढण्याच्या उत्साहात ओतलेल्या पाण्याने झालेले आहे, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. पुढे जे येईल ते याच सांगण्याचा विस्तार आहे.

वणी, दारव्हा, दिग्रस, उमरखेड यांसारख्या जुन्या बाजारगावांत आणि यवतमाळ शहराच्या जुन्या वस्तीत अशा माड्या अजून पाहावयास मिळतात. रचना सर्वत्र सारख्याच धर्तीची: भिंतींत रुतविलेल्या जाड तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर एकमेकींना भिडवून ठोकलेल्या सागाच्या फळ्या. काही घरांत या फळ्यांवर मातीचा थर देऊन वर शेणाचे सारवण करीत. तर रस्त्याकडच्या बैठकीच्या खोलीत, जेथे पाहुणा, कारकून किंवा देवघेवीचा माणूस यावयाचा, तेथे फळ्या उघड्याच ठेवीत, आणि त्या तशा ठेवण्यात घरधन्याचा काहीसा अभिमानही असे. सारवलेल्या माडीची निगा निराळी आणि उघड्या फळ्यांची निराळी, हा भेद जुन्या बायकांना कोणी शिकवावा लागत नसे. सारवलेल्या माडीवर काला पातळ घ्यावयाचा, हात हलका ठेवावयाचा आणि ऊन वर येण्याच्या वेळेस काम उरकावयाचे, म्हणजे दुपारपर्यंत ओल उडून जाई. ढगाळ दिवशी माडी सारवण्यास घेतली तर मातीचा थर दिवसेंदिवस ओल धरून बसतो आणि खालची फळी वरून न दिसता कुजत जाते.

ज्या लाकडाच्या या माड्या आहेत ते लाकूड या जिल्ह्याला परके नव्हते. १८६४ साली स्वतंत्र काढलेला, पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेलेला आणि १९०५ साली पुसद तालुका जोडून यवतमाळ या नावाने कायम झालेला हा मुलूख वऱ्हाडातील इतर जिल्ह्यांच्या मानाने डोंगराळ आणि रानाळ. पैनगंगेच्या आणि वर्धेच्या मधल्या या प्रदेशात केळापूर, झरी, मारेगाव, घाटंजी या बाजूंना सागाचे शुष्क पानझडी रान आजही उभे आहे, आणि पांढरकवड्याजवळचे सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचे टिपेश्वर अभयारण्य वाघांमुळे प्रसिद्धीस आले असले, तरी तेथे वाघाला आडोसा देणारा वृक्ष मुख्यतः सागच आहे. गडचिरोलीकडील आलापल्लीच्या सागाइतका आमचा साग थोराड होत नाही. उथळ मुरमाड जमिनीत आणि थोड्या पावसात तो हळू वाढतो. इंग्रजी अमदानीत पडीक गावे इजाऱ्याने देऊन वसाहत वाढविण्याचे धोरण या भागात अवलंबिले गेले, त्याबरोबरच जंगल राखीव करण्याचा बंदोबस्तही झाला. आणि तो बंदोबस्त लोकांना किती जाचला होता याची साक्ष १९३० च्या जुलैतील जंगल सत्याग्रह देतो, ज्यात वणीस जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदजवळ राखीव रानातील गवत कापून कायदेभंग केला. जेथे गवताच्या काडीसाठी तुरुंग पत्करावा लागे, तेथे सागाच्या खोडाची गोष्ट काय सांगावी! आजही आपल्याच शेतातील साग तोडावयाचा तर १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी लागते आणि तो हलविण्यास वाहतुकीचा परवाना लागतो. म्हणून आजोबा-पणजोबांच्या माडीतील एकेक फळी ही पुन्हा सहज न मिळणारी वस्तू आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

साग इतका टिकतो याचे कारण त्याच्या गाभ्यात आहे. झाडाच्या बाहेरच्या अंगाचे फिकट लाकूड आणि आतील तपकिरी-सोनेरी गाभा यांत टिकाऊपणाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर असते. गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये, रबरासारखा एक अंश आणि तेलकट अर्क साठलेला असल्यामुळे उधई त्याला सहसा तोंड लावीत नाही आणि बुरशीचेही त्यावर फारसे चालत नाही. बाहेरच्या फिकट भागाला हे कवच मुळीच नसते. जुन्या माडीत घुण लागलेली फळी दिसली तर ती पुष्कळदा कडेला फिकट पट्टा राहिलेली असते आणि घुणाची पिवळसर भुकटी नेमकी त्या पट्ट्याखाली सांडलेली आढळते. अशा फळीचा तेवढा पट्टा काढून गाभा राखता येतो. सबंध फळी फेकण्याची घाई करू नये. सागात सिलिकाचे सूक्ष्म कणही असतात, त्यामुळे रंध्याचे पाते लवकर बोथट होते, आणि सागावर काम करणारा वाढई दिवसातून अनेकदा पाते घासावयास का बसतो याचा उलगडा त्यात आहे.

आता पाण्याकडे वळू. लाकूड तोडून शंभर वर्षे झाली तरी त्याचे हवेशी चाललेले देणे-घेणे थांबत नाही. वैशाखात यवतमाळच्या पठारावर पारा ४२-४३ अंशांपलीकडे जातो, हवा अत्यंत कोरडी होते आणि माडीच्या फळीतील ओलीचे प्रमाण तिच्या वजनाच्या सुमारे ६ टक्क्यांपर्यंत उतरते; जून ते सप्टेंबर या अवधीत येथे साधारणपणे ९०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो, हवा दमट राहते आणि तीच फळी १४ टक्क्यांपर्यंत ओल धरते. सागाचे आकुंचन-प्रसरण इतर इमारती लाकडांच्या तुलनेने थोडे, तरीही ते शून्य नव्हे. खोडातून सपाट चिरलेली २०० मिलिमीटर रुंदीची फळी या दोन ऋतूंच्या दरम्यान सुमारे ३ मिलिमीटरांनी रुंद किंवा अरुंद होते. लांबीत मात्र तिच्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत अशा १५ फळ्या असतील तर सर्वांचे मिळून ४५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन इंच होतात. जुन्या वाढयांनी फळ्या भिंतीला घट्ट न भिडविता कडेला मोकळी जागा सोडली आणि ती वरून पट्टीने झाकली, ती याच हिशेबाने.

या गणिताचा एक व्यावहारिक निष्कर्ष असा की, उन्हाळ्यात दिसणाऱ्या फटी बुजवू नयेत. दिवाळीच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने रंगारी बोलावला की तो लांबीचा गोळा घेऊन प्रत्येक फट भरून काढतो, माडी त्या दिवशी देखणी दिसते आणि घरचे लोक संतुष्ट होतात. परंतु चैत्र-वैशाखात हेच काम केले असेल तर पुढल्या श्रावणात फुगणाऱ्या फळीला सरकावयास जागाच उरत नाही, मग ती शेजारच्या फळीला दाबते, खिळे उपटते, आणि मधोमध कमान होऊन उसळते. पांढरकवड्याकडच्या एका वृद्ध वाढयाने घरच्या बाईंशी या विषयी केलेली बोलाचाली मला आजही शब्दशः स्मरते, कारण लाकडाच्या शास्त्रावरील चोपडीतील दोन पृष्ठे त्यात मावली होती. काकू म्हणत होत्या, “मिस्त्री, साऱ्या फटींतून खाली धूळ पडते. भरून टाका एकदाच्या.” त्यावर तो शांतपणे म्हणाला, “नोका भरू काकू. दोन पानी पडू द्या, मंग पाहा, फट दिसतच नाही. आत्ता भरली तं पावसात फळी उसळन.” काकूंनी ऐकले. फटींखाली एक जुने धोतर ताणून बांधले गेले, एवढ्यावर धुळीचा प्रश्न त्या उन्हाळ्यापुरता मिटला. बारमाही राहणाऱ्या, म्हणजे भर पावसातही न मिटणाऱ्या रुंद फटींची गोष्ट निराळी. त्यांत जुन्याच सागाची बारीक चीप एका कडेला सरस लावून बसवावी, दोन्ही कडांना चिकटवू नये.

पाणी खालून येण्याआधी वरून येते, म्हणून माडीची निगा कवेलूंपासून सुरू होते असे म्हणण्यात मुळीच अतिशयोक्ती नाही. ज्येष्ठात, मृग लागण्यापूर्वी, कवेलू फेरण्याची आमच्याकडची जुनी रीत आता माणसे मिळत नाहीत म्हणून अनेक घरांत सुटत चालली आहे; वानरांच्या टोळीने एका दुपारी फोडलेले चार कवेलू पुढे चार महिने माडीवर ठिबकत राहतात. ठिबकणारे पाणी फळीवर दिसते म्हणून त्याचा बंदोबस्त होतो. जे भिंतीच्या पोटातून उतरते ते तुळईच्या टोकाशी पोहोचते आणि मातीच्या भिंतीत बंदिस्त असलेले ते टोक वाऱ्यावाचून ओले राहून आतून भुसभुशीत होते. लाकडी माडी कोसळल्याचे प्रसंग तपासले तर फळी तुटून कोसळलेली माडी विरळा. तुळईचे टोक गेल्यामुळे कोसळलेली पुष्कळ. म्हणून वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, माडीच्या वर न जाता तिच्या खाली जावे, हाती लाकडी हातोडी घ्यावी आणि प्रत्येक तुळई भिंतीशी जेथे मिळते तेथे हलकेच ठोकून पाहावी. निरोगी साग खणखणीत नाद देतो, कुजलेला दबका. भिंतीवर मातीच्या बोटभर रुंदीच्या नळ्या चढताना दिसल्या तर ती उधईची वाट समजावी. नळी नुसती पुसून टाकल्याने उधई थांबत नाही, तिचा उगम जमिनीत शोधून तेथेच उपाय करावा लागतो.

पूर्वी तुळयांची टोके भिंतीत बसविण्यापूर्वी त्यांना बिब्ब्याचे तेल चोपडीत. बिब्बा आमच्या रानात उदंड. त्याचे काळे तेल गाडीच्या कण्यालाही लावीत आणि उधईला ते सोसत नाही असा अनुभव होता. पण बिब्बा उततो, त्याने अंगावर फोड येतात, हेही सर्वांना ठाऊक होते, म्हणून पायाखालच्या फळीला तो कधी लावला जात नसे. भिंतीच्या पोटात जाणाऱ्या, कोणाच्या हाताला किंवा तळव्याला न लागणाऱ्या भागापुरताच त्याचा उपयोग होता. कोणी उत्साहाने आज तो प्रयोग करू म्हणेल तर त्याने हातमोजे घालावेत आणि लेकरे दूर ठेवावीत.

रोजच्या केराविषयी थोडक्यात सांगता येईल. फळीचा पृष्ठभाग झिजतो तो पायांनी झिजत नाही, पायांबरोबर आलेल्या रेतीने आणि मुरमाच्या कणांनी झिजतो. म्हणून वहाणा अंगणात काढण्याची आणि पाय धुऊन, पुसून घरात येण्याची आपली चाल ही लाकडी जमिनीची सर्वांत मोठी राखणदार आहे. काळ्या रानातील चिखल ओला असताना पुसू जाऊ नये, तो फळीच्या रेषांत शिरतो; सुकू द्यावा, म्हणजे झाडताना पापुद्र्यासारखा निघून येतो. शिंदीचा फडा नवा आणि राठ असताना अंगणासाठी वापरावा, माडीसाठी मऊ केरसुणी घ्यावी, आणि केर फळीच्या रेषेच्या दिशेने ओढावा. धूळ फार असेल तेव्हा वाढयाकडून आणलेला लाकडाचा भुसा मुठीत दाबला तर हाताला जेमतेम ओल लागेल इतकाच भिजवून पसरावा आणि झाडून घ्यावा. धूळ उडत नाही, भुशाला चिकटून निघते आणि फळी ओली होत नाही. पोतेरे वापरावयाचे तर ते दोनदा पिळलेले असावे आणि पाठोपाठ कोरडे फडके फिरवावे. पुसल्यानंतर फळीवरील ओल पाहता पाहता उडून गेली पाहिजे. ती रेंगाळली तर पोतेरे अधिक ओले होते असे खुशाल समजावे. सोडा, कपडे धुण्याचा साबण, फिनाईल यांचे काम फरशीवर, लाकडावर नव्हे.

साग पाण्याला भीत नाही, जहाजे सागाचीच असतात, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो रास्त आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या हातून १८१७ साली समुद्रात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूल येथे उभी आहे, आणि सागवानी जहाजांच्या तक्तपोशीवर खलाशी रोज समुद्राचे पाणी ओतून वालुकाश्माच्या दगडांनी ती घाशीत असत. परंतु जहाजाच्या तक्तपोशीच्या फटी काथ्या आणि डांबराने बंद केलेल्या असतात, ती सदैव दमट हवेत असते आणि दगडाने घासून घासून तिची जाडी पिढीगणिक कमी होते, याचीही नोंद घ्यावी. आजकालचे जाणते नाविक तर मऊ कुंचल्याने, तोही रेषेच्या आडवा फिरवावा, असेच सांगतात, कारण रेषेच्या दिशेने जोराने घासल्यास लाकडाचा मऊ अंश खरवडून निघतो आणि उभ्या नाल्या पडतात. वर केरसुणी रेषेबरोबर ओढावी म्हटले ते केराविषयी. घासण्याचा प्रसंग आलाच तर माडीवरही हात आडवाच चालावा. आमची माडी पाण्यात कधी नव्हती. तिला वर्षातून एकदा अतिशुष्क आणि एकदा दमट, अशा दोन टोकांमध्ये जगावे लागते. तिला वरून तिसरे टोक देऊ नये. जपानातील मंदिरांत आणि जुन्या घरांत तांदळाचा कोंडा कापडाच्या पिशवीत बांधून तिने लाकडी जमीन घासण्याची रीत होती. कोंड्यातील किंचित तेल लाकडाला लागते, पाणी लागत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या त्या घासण्याने जमीन आरशासारखी होते. पाण्याचा हात आखडता ठेवावा हे तेथील लोकांनीही आपल्यापरीने ओळखले होते.

आता तेलाविषयी, कारण या विषयात आमच्या जिल्ह्याजवळ स्वतःची संपत्ती आहे. जवस हे विदर्भाचे जुने रब्बी पीक. सोयाबीन आणि हरभऱ्याच्या या काळात त्याचा पेरा आटला असला, तरी पौषात एखाद्या बांधावरून त्याचा निळा फुलोरा अद्यापि दृष्टीस पडतो. जवसाची चटणी आपण खातो. परंतु लाकडाच्या दृष्टीने त्याच्या तेलाचा विशेष गुण असा की ते वाळते. पाणी उडून जाऊन वाळते तसे नव्हे. हवेतील प्राणवायू शोषून त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत एक चिवट, घट्ट पदार्थ तयार होतो. हा गुण सर्व तेलांत नसतो. मोहाच्या टोळीचे तेल येथील आदिवासींच्या घरी दिव्याला आणि स्वयंपाकाला पिढ्यानुपिढ्या उपयोगी पडले, पण फळीला लावाल तर ते कधी वाळणार नाही, चिकट राहील, धूळ धरील आणि काळपट थर साचवील. शेंगदाण्याच्या आणि खोबऱ्याच्या तेलाचेही तेच. मल्लखांबाला एरंडेल चोळतात, त्याचे कारण नेमके हेच की एरंडेल न वाळता खांब निसरडा ठेवते आणि खेळाडूच्या अंगाला घर्षणाची झळ पोचू देत नाही. जो गुण खांबावर हवा तोच पायाखाली घातक. घरात तेल पुष्कळ आहे म्हणून कोणतेही तेल माडीला चोळणाऱ्या सद्भावी माणसांना हे एकदा समजावून सांगितले पाहिजे.

जवसाचे तेल लावण्याची वेळ कार्तिक-मार्गशीर्षाची. पाऊस संपून फळी कोरडी झालेली असते, उन्हाळ्याइतकी भेगाळलेली नसते, हवा खेळती असते. दमट हवेत लावलेल्या तेलावर बुरशी धरते, म्हणून श्रावण-भाद्रपदात हे काम मुळीच काढू नये. घाण्याचे कच्चे तेल वाळावयास अनेक दिवस घेते. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले, वाळविणारी द्रव्ये मिसळलेले तेल लवकर वाळते. सागाचे स्वतःचे तेल जवसाच्या वाळण्याला किंचित अडथळा आणते, म्हणून आधी टर्पेन्टाइनमध्ये भिजविलेल्या फडक्याने फळी पुसून घ्यावी. पहिला हात तेल आणि टर्पेन्टाइन सारख्या भागांनी मिसळून पातळ द्यावा, अर्ध्या तासाने जेवढे लाकडाने प्यावयाचे तेवढे पिऊन झाले की उरलेले सर्व तेल कोरड्या फडक्याने निपटून काढावे, आणि मग तीन-चार दिवस दारे-खिडक्या उघड्या टाकून थांबावे. दुसरा हात याहून पातळ. हे निपटून काढणे ज्याने कंटाळून टाळले त्याची माडी महिनाभर पायाला चिकटत राहते. तेलाच्या कामात बिघडलेल्या दहा माड्यांपैकी नऊ याच आळसाने बिघडलेल्या असतात असे वाढई सांगतात, आणि त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

येथे एक इशारा, जो कितीही वेळा दिला तरी थोडा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते, गोळा केलेल्यातून निघत नाही, आणि काही तासांत ते बोचके आपण होऊन पेट घेते. सागवानी घरात, दिवाळीच्या दिवसांत, अशा आगीचा दोष पणतीच्या माथी मारला जातो. फडकी अंगणात एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत, आणि मगच टाकावीत.

पळसावर होणाऱ्या लाखेपासून बनणारी चपडी स्पिरिटात विरघळवून केलेले पॉलिश कपाटाला, झोपाळ्याला, देव्हाऱ्याला अतिशय शोभते. जमिनीला ते देऊ नये. पाण्याचा थेंब आणि गरम भांडे त्यावर पांढरा डाग उठवतात आणि पायांखाली ते लवकर उडते. मधाच्या पोळ्याचे मेण टर्पेन्टाइनमध्ये मुरवून बैठकीच्या खोलीत वर्षातून एकदा चोळले तर चमक गंभीर आणि सुंदर येते, पण जिन्याच्या पायरीला मेण कदापि लावू नये. घरात वृद्ध माणसे असतात.

डागांपैकी दोन तर सणासुदीत ठरलेलेच. हळद सांडली की पहिला हात साबणाकडे जातो आणि डाग लाल होतो, कारण क्षाराने हळदीचा रंग बदलतो. कोरडी हळद उचलून घ्यावी, ओलसर फडक्याने टिपावे आणि उरलेला पिवळेपणा उन्हावर सोपवावा. खिडकीतून येणाऱ्या उन्हाने तो काही दिवसांत फिका पडतो. दुसरा डाग लोखंडाचा. ओले घमेले किंवा लोखंडी पेटी फळीवर राहिली तर सागातील तुरट अंशाशी लोखंडाची क्रिया होऊन निळसर-काळा ठसा उमटतो, तो घासून जात नाही. लिंबाच्या रसाने बराच जातो, न गेल्यास ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने जातो, पण ते विषारी आहे आणि जाणत्या हातानेच वापरावे. माडीवर घडवंची असेल तर तिच्या पायांखाली लाकडी ठोकळे आणि एक उथळ परात असावी, एवढ्याने पाण्याचा नित्य प्रश्न सुटतो. चालताना कुरकुरणाऱ्या फळीविषयीही पुष्कळ लोक विचारतात: फळी आणि खिळा किंवा फळी आणि कडी यांच्या घर्षणाचा तो आवाज असतो, फटीतून शंखजिऱ्याची पूड सोडली की बहुधा थांबतो, आणि न थांबल्यास खिळ्याऐवजी स्क्रू घालून फळी कडीला आवळावी.

अलीकडे यवतमाळ शहरातील नव्या सदनिकांतही लाकडी जमिनीची हौस दिसू लागली आहे. परंतु तेथे जी ‘वुडन फ्लोअरिंग’ बसते ती बहुतेक वेळा लाकडाच्या दाबलेल्या भुश्याची पाटी असते, तिच्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि त्यावर कठीण पारदर्शक थर असतो. तिला तेल लागत नाही, ती रंधता येत नाही, आणि सांध्यात पाणी शिरले की कडा फुगतात व पुन्हा बसत नाहीत. ती घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. तिला साग समजून वागवू नये, एवढेच. दोन-चार मिलिमीटर जाडीचा खरा लाकडी पापुद्रा असलेल्या पाट्याही मिळतात, त्या एक-दोनदा घासून नव्या करता येतात. जिल्ह्यातील जी मुले-मुली अमेरिकेत स्थायिक झाली त्यांच्या घरी ओकची किंवा मेपलची जमीन असते आणि तेथील फटी जानेवारीत उघडतात, कारण बर्फाच्या दिवसांत घर तापविल्याने आतील हवा वाळवंटासारखी कोरडी होते. आमच्या वैशाखाचे काम तिकडे पौष-माघ करतो. त्या जमिनींवर पॉलियुरेथेनचा थर असल्याने जवसाचे तेल आत शिरणारच नाही. लक्ष्मीपूजनाची रांगोळी मात्र तेथेही थेट लाकडावर घालू नये: रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती पायांखाली फिरली की थर ओरखडते. मोठा पाट किंवा प्लायवुडची फळी मांडून तिच्यावर घालावी, समया ताटात ठेवाव्यात, आणि सणानंतर पूड झाडण्याऐवजी ओलसर कापडाने टिपून घ्यावी.

मला खरी चिंता वाटते ती बंद घरांची. मुले पुण्याला, नागपूरला, परदेशी गेली, आई-वडील त्यांच्याकडे गेले किंवा राहिले नाहीत, आणि वाडा कुलपात गेला. ज्या माडीवर रोज कोणी चालत होते, खिडकी उघडत होते, केर काढत होते, ती दोन पावसाळे बंद राहिली की कोंदट ओल, वटवाघळांची विष्ठा, फुटक्या कवेलूंतून येणारे पाणी आणि उधई ही चारही संकटे एकाच वेळी प्रवेश करतात. मग कोणी तरी जुन्या लाकडाचा व्यापारी येतो, तुळया-फळ्या उतरवतो, आणि शंभर वर्षे मुरलेला तो साग शहरातील खानावळीच्या मेजांसाठी चिरला जातो. वाडा राखणे ज्याला शक्यच नाही त्याने निदान फळ्या आणि तुळया आपल्या नव्या घरासाठी राखाव्यात. उतरवताना प्रत्येक फळीवर खडूने क्रमांक घालावा, खिळे उपटून काढावेत, कारण राहिलेला एक खिळा रंध्याचे पाते मोडतो, आणि फळ्यांमध्ये पातळ पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रीतीने, सावलीत थप्पी रचावी. नव्या जागेच्या हवेशी त्यांची तोंडओळख होईपर्यंत निदान काही आठवडे त्या तेथेच राहू द्याव्यात. आणल्या त्याच दिवशी ठोकू नयेत.

आणि ज्यांचा वाडा उभा आहे पण राहणारे कोणी नाही, त्यांनी किल्ली शेजारच्या काकांकडे ठेवावी आणि महिन्यातून एकदा माडीच्या समोरासमोरच्या खिडक्या दिवसभर उघडण्याची विनंती करावी. त्यासाठी आश्विन-कार्तिक हे दोन महिने विशेष महत्त्वाचे, कारण पावसाने भरलेली फळी तेव्हा ओल सोडते आणि बाहेर पडावयास तिला वारा लागतो. ज्येष्ठात कवेलू फेरण्याची मजुरी आधी पाठवून द्यावी, दिवाळीला घरी येणे होईल तेव्हा हातोडी घेऊन खालून तुळयांची टोके ठोकून पाहावीत, भिंतींवर नळ्या आहेत का ते पाहावे, आणि त्यानंतर तेलाचा डबा उघडावा.